अर्धा सिंह: एका चांदीच्या व्हिनेग्रेटचं प्रकरण

काकूंनी डबी माझ्या हातात ठेवली तेव्हा व्यवहार आटोपलेला होता. पैसे भरून झाले होते, पावती पर्समध्ये होती. मला विचारलं ते एवढंच: "छान आहे ना रे?"

छान होतीच. सव्वातीन सेंटिमीटर लांब, दोनाहून जराशी जास्त रुंद, वजन १७ ग्रॅम. झाकणावर यंत्राने कोरलेल्या बारीक लाटा, मधोमध नाव घालायला सोडलेली चौकट आणि तिच्यात झिजून पुसट झालेली दोन अक्षरं. झाकण उघडलं की आत सोन्याचा मुलामा आणि त्याखाली पुन्हा एक झाकण, भोकाभोकांची जाळी. लिलावाच्या यादीत एकाच ओळीचं वर्णन होतं: व्हिक्टोरियन चांदीची व्हिनेग्रेट, नॅथॅनियल मिल्स, बर्मिंगहॅम, १८४४. बोली १६० पौंडांवर थांबली, त्यावर लिलावघराचं २५ टक्के कमिशन, म्हणजे डबी २०० पौंडांना पडली.

मी जाळी नखाने उचलली. ती जेमतेम निम्मी उघडली आणि तिरकी होऊन अडकली. काकू म्हणाल्या, "जुनी आहे, थोडी कुरकुरणारच." मीही मान डोलावली. पण घरी जाताना ती जाळी काही डोक्यातून जाईना.

व्हिनेग्रेट म्हटलं की आता सॅलडवर ओतायची आंबट चटणी आठवते. नाव त्याच व्हिनेगरवरून आलंय. अठराव्या शतकाच्या शेवटापासून पुढची साठ-सत्तर वर्षं इंग्लंडमधल्या बायका (आणि बरेच पुरुषही) अशी डबी जवळ बाळगत. आत स्पंजचा तुकडा, तो कापूर, लव्हेंडर असल्या वासांनी भारलेल्या तीव्र व्हिनेगरमध्ये भिजवलेला. आपण अत्तराचा फाया कानात खोचतो, यांनी तो डबीत कोंडला. रस्त्यावर गटाराचा भपकारा आला किंवा घट्ट कॉर्सेटमुळे घेरी आली की डबी उघडायची आणि जाळीतून हुंगायचं. गंमत म्हणजे १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडन हैराण झालं, पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याच्या क्लोराइडचे हात मारायची वेळ आली, तोवर या डब्यांची फॅशन ओसरायलाही लागली होती. पुढे अमोनियाच्या क्षारांच्या बाटल्या आल्या, दोन तोंडांच्या काचेच्या अत्तरकुप्या आल्या, आणि डबी मागे पडली.

आतला मुलामा श्रीमंतीसाठी नव्हे. स्टर्लिंग चांदीत हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल त्या तांब्याला खातं, हिरवट डाग पडतात. सोन्याला मात्र ते काही करू शकत नाही. म्हणून आतून सोनं. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं प्रकरण या आम्लावरच फिरलं.

आणि जाळी. व्हिनेग्रेटची व्हिनेग्रेट होते ती जाळीमुळे. ती नसेल तर उरते नुसती तपकिरीची किंवा गोळ्यांची डबी. चांगले कारागीर झाकणाइतकाच जीव जाळीत ओतत. मॅथ्यू लिनवुडने १८०५च्या ट्रफाल्गरच्या लढाईनंतर नेल्सनच्या स्मरणार्थ डब्या केल्या, त्यांत झाकणावर नेल्सनचा चेहरा आहे आणि आतल्या जाळीत त्याचं 'व्हिक्टरी' जहाज. झाकण उघडल्याशिवाय ते दिसतही नाही.

ठसे काय म्हणत होते

पुढच्या रविवारी भिंग घेऊन गेलो. इंग्लिश चांदी वाचायला शिकलं की ती बऱ्यापैकी बोलते. डबीच्या तळाला आतून पाच ठसे होते. एन.एम. ही डबी घडवणाऱ्या मिल्सची अक्षरं. नांगर, म्हणजे बर्मिंगहॅमचं अ‍ॅसे ऑफिस, चांदीचा कस तपासणारी कचेरी. चालता सिंह, म्हणजे स्टर्लिंग. गॉथिक वळणाचं मोठं व्ही, म्हणजे १८४४-४५. आणि डावीकडे तोंड केलेली राणी व्हिक्टोरिया, म्हणजे कर भरला. (हे डोकं १७८४ ते १८९० एवढ्याच काळात उमटवलं गेलं. कर गेला, डोकंही गेलं.)

बर्मिंगहॅमला नांगर का, हे काकूंनी विचारलंच. गाव समुद्रापासून चांगलं लांब. आख्यायिका अशी की बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन आणि शेफील्डचे लोक अ‍ॅसे ऑफिस मिळवायला लंडनला पार्लमेंटचे खेटे घालत होते तेव्हा त्यांच्या बैठका 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत होत. शेफील्डने मुकुट घेतला, बर्मिंगहॅमने नांगर. १७७३ साली कचेरी सुरू झाली. त्याआधी बोल्टनला आपली चांदी ठशांसाठी चेस्टरला पाठवावी लागायची, आणि वाटेत ती खरचटून यायची म्हणून तो वैतागलेला असे. कचेरी आल्यावर गावात बकलं, डब्या, गुंड्या असल्या छोट्या धातुकामाला ऊत आला. या धंद्याला तेव्हा 'टॉय' म्हणत, त्यात खेळण्यांचा संबंध नाही.

झाकणाच्या आत सिंह, तोच व्ही, तीच राणी. म्हणजे झाकण आणि तळ एकाच डबीचे, एकाच वर्षीचे. इथपर्यंत यादीतली ओळ बरोबर.

जाळीवर वरून एकही ठसा नाही. यात तसं वावगं काही नाही. पुष्कळ डब्यांत जाळीवर सिंह किंवा कारागिराची अक्षरं असतात, पण सगळ्यांतच असतात असं नाही. ठसा खालच्या बाजूलाही असू शकतो, पण जाळी पुरती उघडतच नव्हती, आणि जोर लावायची माझी तयारी नव्हती.

मग मी एक चूक केली, तीही इथे नोंदवतो. तळाचा मुलामा फिकट लिंबासारखा होता, जाळीचा तांबूस. मी ऐटीत सांगून टाकलं, "काकू, तळाचा मुलामा विजेचा आहे, जाळीचा जुन्या पाऱ्याच्या पद्धतीचा. म्हणजे तळावर नंतर मुलामा चढवलाय." आणि तिथेच फसलो. विजेच्या मुलाम्याचं एल्किंग्टनचं पेटंट १८४०चं, आणि एल्किंग्टनचा कारखाना याच बर्मिंगहॅममध्ये. १८४४च्या डबीवर दोन्हीपैकी कुठलीही पद्धत असू शकते. रंगावरून पद्धत ओळखणं हेही तसं धाडसाचंच, सोन्यात तांबं किती यावर रंग बदलतो. एवढंच म्हणता आलं असतं, की दोन तुकडे एकाच वेळी एकाच भांड्यातून निघालेले दिसत नाहीत. म्हटलं मात्र त्याहून बरंच जास्त.

जाळीची घडण अधिक बोलकी होती. मिल्सच्या १८४०च्या आसपासच्या जाळ्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत: वेलबुट्टी कापून काढलेली, पानांच्या शिरा कोरलेल्या. ही जाळी साधी. वर्तुळात पाडलेली गोल भोकं, मधे एक फूल, बस. ही तऱ्हा त्याआधीच्या पिढीची, १८००च्या पुढेमागची. साधी जाळी नंतर कुणी केलीच नसेल असं नाही, पण एवढ्या निगुतीने झाकण कोरणारा जाळीला भोकं पाडून मोकळा होईल?

आता दोन शक्यता उरल्या, आणि त्या एकमेकींपासून फार लांब आहेत. पहिली: ही जन्माची व्हिनेग्रेट आहे, जाळी मोडली म्हणून कुणीतरी दुसरी बसवली. दुसरी: ही जन्माची तपकिरीची डबी, आणि जास्त पैसे यावेत म्हणून कुणीतरी आत जाळी घालून तिची व्हिनेग्रेट केली. तपकिरीच्या डब्यांनाही आतून मुलामा असतो, त्यामुळे मुलाम्याने काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या शक्यतेत डबी अपुरी, दुसरीत खोटी. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे मला फसवलंय का?"

"अजून सांगता येत नाही."

"मग सांगता येईल असं काय ते कर."

सुई

बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये चांदीची दुरुस्ती करण्यात चाळीस वर्षं घालवलेले एक गृहस्थ आहेत, आता निवृत्त. त्यांच्याकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी ठशांकडे पाहिलंसुद्धा नाही. डबी उघडी ठेवून दिव्याखाली तिरकी धरली आणि जाळीची बिजागरी जिथे भिंतीला चिकटली होती, ती जागा बराच वेळ बघत राहिले. मग सुई घेऊन त्या सांध्याला अगदी हलकेच टोचलं. सुई आत रुतली.

शिशाचं सोल्डर. १८४४च्या कारखान्यात ही बिजागरी चांदीच्या सोल्डरने जोडली गेली असती. ते वितळायला सातशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि थंड झाल्यावर त्यात सुई रुतत नाही. शिसं-कथलाचं सोल्डर दोनशेच्या आतच पाघळतं. नंतर दुरुस्ती करणाऱ्याला ते सोयीचं, कारण जास्त तापवलं तर सोन्याचा पातळ थर खालच्या चांदीत मुरतो आणि मुलामा फिका पडतो. म्हणजे ज्याने कुणी हे केलं त्याला मुलामा वाचवायचा होता. कडेचं थोडं शिसं त्यांनी सुईने खरवडलं. खाली पिवळं चमकलं. सोल्डर मुलाम्याच्या वर बसलं होतं. आधी मुलामा, मग बिजागरी.

माझ्या मते इथे दुसरी शक्यता जिंकली होती. ते म्हणाले, थांब, शिशाकडे नीट बघ. मी बघितलं. करडं, मळकं, बाकी काही नाही. "पांढरं कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला कधीच सुचला नसता. व्हिनेगरची वाफ शिशाला लागली की त्यावर पांढरी भुकटी धरते. जुन्या काळी रंगासाठी सफेदा याच रीतीने करत, शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून. या डबीत शिशाचा सांधा असताना तिच्यात वर्षभर जरी व्हिनेगरचा स्पंज राहिला असता, तर तो सांधा पांढरा फटक होऊन खचला असता. तो स्वच्छ होता. म्हणजे हा जोड व्हिनेगर हुंगायची रीत संपल्यानंतरचा. वापरणाऱ्या बाईने करून घेतलेला नव्हे, जमवणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने केलेला.

पण त्याने डबी खोटी ठरत नव्हती. ती आधी व्हिनेग्रेट होती की नव्हती, हे अजून बाकी होतं. त्यासाठी जाळी बाहेर काढावी लागणार होती. बिजागरीची तार ढकलून काढायची, बस, सांध्याला हात लावायचा नाही. त्यांनी काकूंना विचारलं. काकू माझ्याकडे न बघताच "यस" म्हणाल्या.

तार निघाली, जाळी सुटली. तळ पहिल्यांदाच पुरता दिसला. नवी बिजागरी आखूड बाजूला होती. लांबट बाजूला, झाकणाच्या बिजागरीच्या खालीच, काजळीत दोन चपट्या खुणा होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या. त्यांनी कापसाने काजळी पुसली. दोन जुन्या कोयंड्यांचे बुंधे, कानशीने घासून भिंतीच्या सपाटीला आणलेले. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. बुंध्याच्या कडेला चांदीच्या सोल्डरचा जो किंचित उतार असतो, त्या उतारावरून मुलामा अखंड चढत गेला होता आणि कानशीने कापलेल्या जागी एकदम थांबला होता. खाली पांढरी चांदी.

म्हणजे एका भिंतीवर मुलामा सोल्डरच्या वर आणि दुसऱ्या भिंतीवर सोल्डर मुलाम्याच्या वर. लांब बाजूला मुलाम्याच्या आधीपासून बिजागरी होती. ही डबी कारखान्यातून जाळी घेऊनच बाहेर पडली होती. ती जन्माची व्हिनेग्रेट. जाळी तेवढी उसनी.

आणि जाळी उलटी केल्यावर ती कुणाकडून उसनी घेतली तेही थोडंसं कळलं. बिजागरीच्या समोरच्या कडेला, अगदी काठावर, एक ठसा होता, कापला गेलेला. मागचे दोन पाय, वर वळलेली शेपूट, कमरेपर्यंतचं अंग. सिंहाचा पुढचा भाग नाही. मोठ्या डबीची जाळी या डबीत बसावी म्हणून कातरली, त्यात सिंहाचा निम्मा भाग गेला. जाळी तिरकी अडकत होती ती त्यामुळेच, कातर सरळ आली नव्हती.

इथे चांदीवाले अशा जोडाजोडीला 'मॅरेज' म्हणतात. मी काकूंना ते सांगितल्यावर त्या हसल्या. "म्हणजे बिजवराशी लग्न लावलंय म्हण की. तेही नवऱ्याला कातरून."

लिलावघर

काकूंनी डबी घेतल्यापासून अकराव्या दिवशी लिलावघराला पत्र गेलं, फोटोंसह. उत्तर सभ्य होतं. त्यांच्या नियमांत बनावट वस्तू परत घ्यायची तरतूद आहे, पण ही डबी बनावट नाही, ठसे खरे आहेत, वर्ष खरं आहे, कारागीर खरा आहे. वस्तूची अवस्था यादीत लिहिलेली नसते, मागितली तर कळवतात, आणि काकूंनी मागितली नव्हती. हवं तर पुन्हा विक्रीला लावा, विक्रेत्याचं कमिशन निम्मं करू.

बनावट नाही हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, ते तर आम्हीच सिद्ध करून दिलं होतं. पण ज्या वस्तूचा प्राण जाळीत असतो, तिची जाळी बदललेली आहे हे 'अवस्थे'त मोडतं, असं मला वाटत नाही. खुर्चीचा पाय दुरुस्त केलेला असणं आणि खुर्चीला दुसऱ्याच खुर्चीची पाठ असणं यात फरक आहे. हे मी लिहिलं, त्यावर उत्तर आलं नाही.

पुन्हा विक्रीला लावायला काकूंनी नकार दिला, आणि इथे कायद्याचाही काटा आहे. ब्रिटनच्या १९७३च्या हॉलमार्किंग कायद्याप्रमाणे ठसा असलेल्या वस्तूत भर घालायची किंवा फेरफार करायचा तर अ‍ॅसे ऑफिसची लेखी संमती लागते. हा नियम नवा नाही, असाच बंदोबस्त करणारा जुना कायदा १८४४चा, नेमका या डबीच्या वर्षाचा. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीची (ही सोनाराचांदीवाल्यांची जुनी संस्था) एक समिती अशा संशयास्पद जुन्या चांदीची छाननी करते. एका छोट्या डबीसाठी तिथवर जायचं का, यावर आमचं बोलणं झालं. माझं मत होतं जावं, निदान कागद हातात राहील. काकूंचं मत, विकायचीच नाही तर कशाला. डबी त्यांची, मत त्यांचं.

शिशाचं काय करायचं, हा वाद मात्र जास्त रंगला. मी म्हणत होतो सांधा काढून टाकावा, जाळी वेगळी ठेवावी, म्हणजे दोन प्रामाणिक तुकडे हातात राहतील. दुरुस्तीवाल्या गृहस्थांचं म्हणणं उलट: शिसं पुरतं निघत नाही, काढायला जावं तर मुलामा जातो, आणि आत्ता त्या सांध्यातून जेवढं वाचता येतं तेवढं नंतर येणार नाही. त्यांचं ऐकलं. तार परत घातली. दोनच अटी त्यांनी घातल्या. आत व्हिनेगर कधीही घालायचं नाही, कारण आता ते शिशाला खाईल. आणि चांदी चमकवायच्या द्रवात ही डबी बुडवायची नाही, झाकणावरच्या लाटा आधीच पुरेशा झिजल्या आहेत.

पैशाचा हिशोब काकूंनीच मांडला. झाकण आणि तळ मिल्सचे, खरे, जोडीचे. उसनी जाळी म्हणून मी अंदाजाने निम्मी किंमत सांगितली. "म्हणजे शंभर पौंड शिकवणीचे," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यावर विषय मिटवला. विंडसर किंवा वॉरिकचा किल्ला झाकणावर उठावात असलेली डबी असती तर त्यांनी याच्या कितीतरी पट मोजले असते. तशा डब्यांत मी जाळीच्या आधी झाकणच तपासतो, कारण लबाडी किंमत असते तिथे वस्तीला जाते.

त्यानंतर काकूंनी आणखी दोन डब्या घेतल्या आहेत. दोन्ही वेळा लिलावाआधी ईमेल केली: जाळी पूर्ण उघडून खालच्या बाजूचा फोटो पाठवा, बिजागरी भिंतीला जिथे जोडली आहे तिथला जवळून पाठवा. तिसऱ्या एका डबीच्या वेळी फोटोच आला नाही, त्यांनी बोली लावली नाही.

ही डबी त्यांच्या कपाटात पहिल्या खणात आहे. आत घडी करून ठेवलेली चिठ्ठी आहे, काकूंच्या नर्सिंगच्या दिवसांतल्या केस पेपरसारखी: "डबी आणि झाकण ना. मिल्स, बर्मिंगहॅम १८४४. जाळी दुसऱ्या डबीची, कातरलेली, खाली अर्धा सिंह. जुनी बिजागरी मागच्या भिंतीवर होती, बुंधे दिसतात. आताच्या सांध्यात शिसं. व्हिनेगर घालू नये." खाली तारीख, आणि तीच चिठ्ठी पुन्हा इंग्रजीत. मुलीला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून.